दळण टाकून येताना

गिरणीत दळण टाकून परत येताना मनाला जो मोकळेपणा वाटतो, तो मला देवळातून परत येतानाही वाटत नाही. डबा गिरणीवाल्याच्या फळीवर ठेवायचा, चिठ्ठीवर नाव लिहायचं, 'जरा बारीक दळा हो' एवढं सांगायचं आणि रिकाम्या हातांनी रस्त्याला लागायचं. मागे आपलं काम चालू आहे. आपण मात्र पुढे मोकळे! वाण्याकडून गूळ घ्यावा, चौकात कुणी ओळखीचं भेटलं तर त्याच्याशी दोन गोष्टी बोलाव्यात, आणि तासाभराने परत जावं तो गव्हाचं पीठ झालेलं! इतक्या कमी श्रमात इतकं मोठं रूपांतर जगात दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही.

पण हा मोकळेपणा सगळ्यांनाच साधतो असं नाही. आमच्या कळंबोलीच्या गिरणीत मी नेहमी पाहतो. काही माणसं डबा ठेवून जागची हलतच नाहीत. गिरणीच्या बाकावर बसतात, पिठाने पांढरी होतात, पण नजर डब्यावरून ढळू देत नाहीत. आपण उठलो की गिरणी बंद पडेल, अशी त्यांची मनोमन खात्री असते. त्यांना मी हसत नाही. कारण एके काळी मीही त्या बाकावरचाच माणूस होतो. सौ. मला एकदा म्हणाली होती, "अहो, तुम्ही टक लावून बसलात म्हणून काय ते जातं जोरात फिरणार आहे?" फिरत नाही, हे मला कळत होतं. पण उठवत नव्हतं!

खरं म्हणजे कळंबोलीत राहणाऱ्या माणसाला ही धास्ती शोभत नाही. सिडकोने वसवलेली ही आमची वसाहत. एका अंगाला लोखंड-पोलादाचा बाजार, मुंबईतली लोखंडाची गर्दी बाहेर काढण्यासाठी उभारलेला; दुसऱ्या अंगाला पुण्याचा द्रुतगती मार्ग, जो इथूनच सुरू होतो. दिवसभर सळ्या आणि पत्रे उतरत असतात, रात्रभर ट्रेलरांची घरघर चालू असते. मालाचा मालक कुठे मुंबईत, कुठे पुण्यात गाढ झोपलेला असतो आणि त्याचा माल आमच्या खिडकीखालून चाललेला असतो. मालक झोपला तरी माल चालतो, हे ज्या गावात रोज रात्री ऐकू येतं, तिथल्या माणसाने गिरणीच्या बाकावर कशाला बसावं?

मी बसत होतो, त्याला माझा धंदा कारण होता. मी पडलो संगणकावर काम करणारा माणूस. आणि संगणकाबद्दल लोकांची एक गोड समजूत असते, की कळ दाबली की उत्तर तयार! पुष्कळ वेळा ते खरंही असतं. पण काही हिशेब असे असतात, की ते तास तास, क्वचित दिवस दिवस चालतात. कारखान्याच्या हजारो नगांच्या साठ्याची वर्षअखेरची किंमत काढायची, सगळ्या खातेदारांचं व्याज मोजायचं, किंवा उद्याच्या पावसाचा अंदाज बांधायचा. ही दळणं मोठी असतात. जातं कितीही चांगलं असलं तरी वेळ लागतोच. आणि मग प्रश्न येतो तो हा, की तोवर माणसाने करायचं काय? बसायचं की घरी जायचं?

गंमत अशी, की आमच्या धंद्यात आधी माणसं घरी जात होती आणि मग बसायला लागली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली आपल्याकडच्या माणसांनी बनवलेला 'टिफ्रॅक' हा संगणक चालू झाला आणि १९६४ साली तिथे सीडीसी ३६०० नावाचं मोठं अमेरिकन यंत्र आलं. त्या काळची रीत थेट गिरणीची होती. आपला हिशेब भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर उतरवायचा, कार्डांचा गठ्ठा खोलीत नेऊन द्यायचा आणि निघून यायचं. आपली पाळी आली की यंत्र तो गठ्ठा गिळणार, आणि नंतर केव्हातरी छापील कागदांची चळत आपल्या हातात पडणार. एखाद्या कार्डावर एक भोक चुकलं असेल, तर चळतीत उत्तराऐवजी यंत्राची तक्रार छापलेली. की पुन्हा नवं दळण!

पुढे एकाच यंत्राला अनेक पडदे आणि कळफलक जोडायची युक्ती निघाली. आपण समोर बसायचं, आपलं नाव आणि परवलीचा शब्द सांगून आत शिरायचं, विचारायचं, आणि यंत्राने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची जी प्रणाली रचायला घेतली, ती अशाच बैठकीची. आज जगातल्या बहुतेक मोठ्या यंत्रांवर तिचेच वंशज नांदत आहेत. सोय फार मोठी झाली, पण माणूस पडद्यासमोर बसला तो बसलाच. आणि बसलेला माणूस उठला की काय होतं, याचा धडा मला १९९८ सालच्या मार्चअखेरीला मिळाला.

तेव्हा मी इथल्याच तळोजे औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या संगणक-कक्षात नोकरीला होतो. वय सव्वीस, लग्न ठरलेलं, आणि अंगात ज्ञान मावत नसलेलं! वर्षअखेरीचा साठ्याचा हिशेब रात्रीत होऊन सकाळी साहेबांच्या टेबलावर हवा होता. काम आठ-नऊ तासांचं. मी संध्याकाळी सातला ते चालू केलं. युनिक्समध्ये आज्ञेच्या शेवटी 'आणि' या अर्थाचं ते इंग्रजी वळणदार चिन्ह टाकलं, की काम पाठीमागे जातं आणि पडदा आपल्याला मोकळा मिळतो, एवढं मला ठाऊक होतं. मी चिन्ह टाकलं. काम पाठीमागे गेलं. नऊ वाजता कळंबोलीकडे जाणारी कारखान्याची जीप सुटायची. मी रीतसर पडद्याचा निरोप घेतला, म्हणजे आमच्या भाषेत 'लॉग-आउट' झालो, दिवा मालवला आणि शीळ घालत जीपमध्ये जाऊन बसलो.

सकाळी येऊन पाहतो तो हिशेबाचा पत्ता नाही! नऊ वाजून काही मिनिटांनी, म्हणजे मी जीपमध्ये शीळ घालत होतो तेव्हाच, त्याने प्राण सोडला होता. साहेब काय बोलले ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही. आणि त्यांचं काही चुकलंही नव्हतं. दोष सर्वस्वी माझा होता. फक्त तो कोणता, हेच मला कळत नव्हतं.

ते मला आमच्या कक्षातल्या एका वयस्क गृहस्थांनी सांगितलं. तंबाखूची चिमूट मळत ते म्हणाले, "अरे, पाठीमागे टाकलंस, पण सोडवलंस कुठे? ते काम तुझ्याच पडद्याला टांगलेलं होतं. खुंटी काढलीस, सदरा पडला!"

मग त्यांनी मला सगळा प्रकार समजावून दिला, आणि तो इतका रसाळ होता की साहेबांचं बोलणं मी विसरलो. जुन्या काळी हे पडदे टेलिफोनच्या तारेने यंत्राला जोडलेले असत. पलीकडच्याने फोन ठेवला, की यंत्र त्या माणसाच्या कामांना इशारा देई : फोन ठेवला गेला, आता आवरा! या इशाऱ्याचं नावच मुळी 'हँग-अप', म्हणजे फोन ठेवणं. युनिक्समध्ये असे बरेच इशारे आहेत, त्यांना क्रमांक आहेत, आणि या इशाऱ्याचा क्रमांक पहिला. तारा गेल्या, फोन गेले, तरी रीत राहिली. माणूस उठून गेला की हा इशारा त्याच्या कामांपर्यंत पोचतो, आणि ज्याला दुसरं काही शिकवलेलं नाही असं काम तो ऐकताच निमूटपणे संपतं. आपला धनीच गेला, तर आता दळायचं कुणासाठी?

"मग यावर उपाय?" मी विचारलं.

"निघण्यापूर्वी त्याच्या कानात सांगून ठेवायचं, की फोन ठेवल्याचं ऐकू आलं तरी तू थांबू नकोस. आज्ञेच्या आधी एकच शब्द लिहायचा, 'नोहप'. नो हँग-अप!"

एवढंच! सत्तरीच्या दशकापासून तो शब्द युनिक्समध्ये बसलेला होता आणि मला त्याची गाठभेट नव्हती. पण खरी गोष्ट पुढेच होती. युनिक्समध्ये प्रत्येक काम दुसऱ्या कुठल्या तरी कामाच्या पोटी जन्म घेतं. त्यांना माय आणि लेकरू असंच म्हणतात. आपण लॉग-आउट होतो तेव्हा आपल्या कामांची माय जाते, आणि मागे राहिलेलं काम पोरकं होतं. मग त्याचं काय होतं? तर यंत्र चालू होताच पहिल्यांदा जन्मलेलं जे काम असतं, ज्याचा क्रमांक एक, ते त्याला दत्तक घेतं! हे मी अलंकारिक बोलत नाही. शास्त्राच्या पुस्तकांत 'पोरकं' हाच शब्द आहे आणि 'दत्तक' हाच शब्द आहे. यंत्रं बनवणाऱ्या माणसांना घरची आठवण येत असावी.

"आणि एक लक्षात ठेव," तंबाखू दाढेखाली सारत ते गृहस्थ म्हणाले, "तू समोर नाहीस, तेव्हा ते काम जे काही बोलेल ते कुणाशी बोलणार? म्हणून नोहप त्याचं सगळं बोलणं एका वहीत उतरवून ठेवतं. 'नोहप डॉट आउट' नावाची फाइल. जुन्याखाली नवं, जुन्याखाली नवं, असं ते लिहीत जातं. सकाळी आल्यावर ती वही आधी वाचायची. काम जिवंत आहे एवढं पाहून भागत नाही."

त्यांच्या बोलण्याचा पहिला भाग मी जन्मभर पाळला. दुसरा भाग मात्र, तरुणपणी वडीलधाऱ्यांच्या बोलण्याचं जे होतं तसा, एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिला.

त्या दिवसापासून माझ्या आयुष्यात मोकळेपणा आला. काम लावून द्यावं, नोहप म्हणावं आणि घरी जावं! पुढे मला 'स्क्रीन' भेटला. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोर्मान या दोघांनी १९८७ साली केलेली ही युक्ती तर आणखी बहारीची. हिच्यात आपली सगळी बैठकच यंत्राच्या आत मांडलेली राहते. निघताना आपण तिच्यापासून सुटायचं, आणि उद्या दुसऱ्या गावाहून येऊन पुन्हा जोडून घ्यायचं. अर्धवट राहिलेली ओळही जागच्या जागी! २००७ साली निकोलस मॅरियट यांचा 'टीमक्स' आला, तो याच घराण्यातला. मध्ये २०१६ साली लिनक्सच्या नव्या कारभाऱ्याने, सिस्टिमडी नावाच्या, असं ठरवलं की माणूस बाहेर पडला की त्याची मागे राहिलेली सगळी कामं मुळापासून आवरून टाकायची. ज्याला मागे रेंगाळायचं असेल त्याने आधी परवानगी काढावी! त्यावर आमच्या जातभाईंनी जो गहजब केला, तो पाहून मला त्या तंबाखूवाल्या गृहस्थांची आठवण झाली. लिनक्सच्या बऱ्याच वाटपकर्त्यांनी ती नवी शिस्त बंदच ठेवली. मागे सोडलेलं काम चालू राहावं, ही माणसाची इच्छा कारभाऱ्याहून बळकट असते.

एकदा ही चटक लागल्यावर मी ती घरातही आणली. विजेचं बिल बँकेतून परस्पर जावं, विम्याचा हप्ता परस्पर जावा, सोसायटीची वर्गणी परस्पर जावी. सौ. म्हणायची, "त्यात काय मोठं? मी रोज रात्री दुधाला विरजण लावून झोपते, ते माझ्या उशाशी बसून लागतं का?" तिचं खरं होतं. मात्र ती सकाळी उठल्याबरोबर पातेल्यावरचं झाकण काढून पाहते, एवढा फरक तेव्हा माझ्या ध्यानात आला नव्हता.

आणि अशीच मी आई लावून दिली.

हे वाक्य लिहिताना हात अडखळतो. पण दुसरं खरं वाक्य मला सुचत नाही. आमचं गाव माणगावजवळ. २०१२ साली वडील गेले आणि आई त्या घरात एकटी राहिली. मी तिला कळंबोलीला आणली, तर चौथ्या दिवशी म्हणाली, "बाबू, इथे रात्रभर ट्रक ओरडतात रे. मला माझ्या पडवीत नेऊन सोड." नेऊन सोडली. पण मी काही बेजबाबदार मुलगा नव्हे! मी सगळी व्यवस्था केली. दरमहा पाच तारखेला तिच्या खात्यात पैसे परस्पर जमा. गॅस, वीज, फोन, सगळं इथून. दूधवाल्याला, औषधवाल्याला सांगून ठेवलेलं. शेजारच्या घरातल्या सुनेला 'जरा लक्ष ठेव गं' म्हणून सांगितलेलं. जाताना प्रत्येकाच्या कानात नोहप म्हणून आलो, म्हणाना!

आणि रोज रात्री साडेआठला फोन. "आई, बरी आहेस ना?" "बरी आहे. तू जेवलास का?" "जेवतो आता. ठेवू?" "ठेव." एवढं बोलून मी फोन ठेवी.

युनिक्समध्ये 'पीएस' म्हणून एक दोन अक्षरांची आज्ञा आहे. कोणकोणती कामं जिवंत आहेत याची ती यादी दाखवते. माझा साडेआठचा फोन म्हणजे ती आज्ञा होती. यादीत आईचं नाव दिसलं की मी निश्चिंत. काम चालू आहे एवढं या यादीवरून कळतं. ते नीट चाललं आहे की नाही, हे कळत नाही. हे मी नव्या पोरांना कचेरीत शंभरदा शिकवलं आहे.

गावी जाणं कमी कमी होत गेलं. मुंबई-गोवा रस्त्याचं रुंदीकरण २०११ साली निघालं आणि मुदतींवर मुदती उलटत गेल्या. आमच्या सगळ्यांच्या पाठीमागे चाललेलं एवढं लांबलचक काम कोकणात दुसरं नसेल! त्या रस्त्यावर हाडं खिळखिळी करून घेण्यापेक्षा फोन बरा, असं म्हणायला मला ते एक निमित्तच झालं. दिवाळीला जायचो, गणपतीला जायचो. जाताना लोखंड बाजारातले ओळखीचे व्यापारी नव्या वर्षाला ज्या जाडजूड डायऱ्या देतात, त्यांतली एक आईसाठी न्यायचो. 'दुधाचा हिशेब लिही' म्हणायचो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी गावी गेलो होतो. घरपट्टीची जुनी पावती हवी होती म्हणून कपाट उघडलं. आई मागीलदारी होती. पावतीच्या आधी हाताला त्या डायऱ्या लागल्या. एकावर एक, नीट रचलेल्या, प्रत्येकीवर त्या त्या व्यापाऱ्याचं सोनेरी नाव. मला वाटलं, कोऱ्याच असतील. सहज एक उघडली.

दुधाचा हिशेब होता. पण त्याच्याखाली रोज दोन-तीन ओळी होत्या. 'आज नळाला पाणी आलं नाही. विहिरीवरून दोन कळश्या आणल्या.' 'फणसाला फळ धरलं.' 'त्याचा फोन आला. घाईत होता.' रोज. एकही दिवस सुटलेला नाही. जुन्याखाली नवं, जुन्याखाली नवं.

मी कपाटासमोर खाली बसलो आणि २०२१ सालची डायरी काढली. त्या जुलैत महाडला सावित्रीच्या पुराने जो हाहाकार केला तो सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. आमच्याकडेही पाऊस कोसळत होता आणि आईचा फोन दोन दिवस लागला नव्हता. तिसऱ्या दिवशी लागला तेव्हा "बरी आहे" म्हणाली, आणि मी सुटकेचा श्वास टाकला होता. डायरीत होतं : 'वीज नाही. पडवीच्या पायरीपर्यंत पाणी. रात्रभर खाटेवर बसून. शेजारच्या सुनेने भाकरी आणून दिली. त्याला काळजी वाटेल.'

पुण्याला पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१८ साली 'प्रत्यूष' नावाचा महासंगणक बसला आणि २०२४ साली 'अर्का' आला. पावसाचे प्रचंड हिशेब अशा यंत्रांवर रात्रंदिवस चालतात. शास्त्रज्ञ आपलं काम रांगेत लावून देतात आणि घरी जातात. पण सकाळी त्या हिशेबाचं उत्तर कुणीतरी वाचतंच. न वाचता ठेवायचं असेल तर एवढं दळायचं कशाला? आमच्या पडवीतही पावसाची नोंद रोज होत होती. ती वाचणारा मात्र कळंबोलीत 'बरी आहे' ऐकून झोपत होता.

आणि मग २०२३ सालच्या डायरीत मार्च महिन्यातली ती ओळ आली. 'न्हाणीत पाय घसरला. उजव्या कोपराला लागलं. हळद लावली. त्याला सांगितलं नाही. त्याची वर्षअखेर आहे.'

त्यापुढचे जवळजवळ तीन आठवडे अक्षर आईचं नव्हतं. म्हणजे होतं तिचंच, पण वेडंवाकडं, पहिलीतल्या पोरासारखं. ती डाव्या हाताने लिहीत होती. दूध अर्धा लिटर, डाव्या हाताने. त्याचा फोन आला, डाव्या हाताने. त्या प्रत्येक रात्री साडेआठला मी फोन केला होता, आणि प्रत्येक रात्री तिने मला मी जेवलो का म्हणून विचारलं होतं.

आई आत आली. मला डायऱ्यांत बसलेला पाहून थोडी ओशाळली.

"आई, हे मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारतोस, बरी आहेस ना. मग बरी आहे म्हणते," ती साधेपणाने म्हणाली. "बाकीचं लिहून ठेवलंय. म्हटलं, सवडीने कधीतरी वाचशील."

मी तिचा उजवा हात हातात घेऊन सरळ करून पाहिला. तो पूर्ण सरळ होत नव्हता. तेव्हापासून मी तिला कितीतरी वेळा नमस्कार केला असेल, तिने त्याच हाताने माझ्या पाठीवरून हात फिरवला असेल, पण ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पुढे पनवेलला डॉक्टरांना दाखवला. फोटो काढून ते म्हणाले, "हाडाला तडा गेला होता, तो वाकडा जुळला आहे. तेव्हाच आणलं असतंत तर प्लॅस्टरने काम झालं असतं. आता या वयात छेडू नये." एवढं बोलून त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली. मी आईची पिशवी उचलली. तिने बाहेर येऊन मला विचारलं, "किती घेतले रे त्यांनी?"

मी काही फार मोठा बदललो आहे असं सांगून स्वतःची पाठ थोपटून घेणार नाही. आईने कायमचं कळंबोलीला यावं हे तिला अजून मान्य नाही, आणि तिची पडवी तिच्याकडून हिसकावून घ्यायचा मला अधिकार नाही. माणसाला कधी ना कधी उठून जावं लागतंच. नोकरी आहे, संसार आहे. सगळ्याच दळणांसमोर बाकावर बसून राहता येत नाही. मी बदललं ते एवढंच, की आता महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळची एसटी पकडतो, रस्ता कसाही असला तरी. गेल्यावर चहा होतो, आणि मग आई डायरी काढते. चष्मा लावून मला महिन्याचं वाचून दाखवते. दुधाचा हिशेबसुद्धा गाळत नाही. पहिल्यांदा मला कंटाळा आला, हे कबूल करतो. आता एखादी ओळ ती भरकन वाचून पुढे गेली, की मी म्हणतो, "थांब. ती पुन्हा वाच." फोनवरही मी आता 'बरी आहेस ना' विचारत नाही. "आज काय लिहिलंस?" असं विचारतो. मग दोन मिनिटांचा फोन पंधरा मिनिटं चालतो, आणि सौ. पानावर वाढून वाट पाहते. ती रागावत नाही.

या दिवाळीला आई आमच्याकडे आली आहे. ट्रकांच्या आवाजाबद्दल रोज सकाळी तक्रार करते आणि रोज दुपारी गाढ झोपते. परवा तिने स्वतः बसून चकलीची भाजणी भाजली आणि डबा माझ्या हातात दिला. "गव्हावर दळू देऊ नकोस. आणि घेण्याआधी पीठ पाहून घे."

गिरणीवाल्याला मी सांगितलं, चिठ्ठीवर नाव लिहिलं आणि बाजारातून फिरून आलो. तसाच मोकळा, रिकाम्या हातांनी. तासाभराने डबा तयार होता. पूर्वीचा मी पैसे देऊन तडक निघालो असतो. या खेपेला झाकण काढलं आणि पिठाची चिमूट घेऊन बोटांत चोळून पाहिली. जाडसर लागली.

"एकदा पुन्हा काढा," मी म्हणालो. गिरणीवाल्याने माझ्याकडे चमकून पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्याचं पीठ प्रथमच हातात घेतलं होतं.

संध्याकाळी सोऱ्या दाबायचं काम माझ्याकडे आलं. आईच्या कोपराला ते आता होत नाही. मी दाबत होतो, ती पाटाशी बसून चकलीचा वळसा बोटाने मिटवीत होती. पहिली चकली कढईतून निघाली तशी ती तिने उजेडात धरली आणि निरखून पाहिली.

"काटे चांगले आलेत," ती म्हणाली. "आता लिहून ठेवते."